सरकीएवढी गाठ

इंग्रजी अमलात अमळनेरच्या दवाखान्यात बायका चादरीच्या पडद्याआड बसत आणि त्यांचं दुखणं सासू बाहेरून सांगे. एकदा पडद्याआड माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईची सासू म्हणाली, “मन्ही सूनना पोटमा दुखस.” तशी त्या बाईने कापूस वेचून चिरलेल्या बोटांनी चादरच बाजूला ओढली.

“डाक्टरभाऊ, पोट नई. छातीमा गाठ शे. कापूसमा सरकी लागस तशी हातले लागस. दुखत नई, पन दखा.”

सासू कडाडली, “लाज शे का तुले?”

“लाज त्या गाठले वाटाले पाहिजे. माले कसानी?”

डॉक्टरांनी नर्सबाईला हाक मारली. पुढे तिचं काय झालं, मला ठाऊक नाही. पण आजही न्हाताना माझी बोटं छातीवरून सावकाश, दाबून फिरतात. सुनांनाही मी तेच शिकवलंय, ओसरीवर बसून, मोठ्या आवाजात.