सिस्टरांचं यान

उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवायची, क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "चालू आहे."

आमच्या शेजारच्या सिस्टरांना कुणीही "कशा आहात?" असं विचारलं की उत्तर हेच. विचारणारी भाजीवाली असो, पोस्टमन असो, नाहीतर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. नवख्या माणसाला वाटे, नोकरी संपली तरी नर्सबाईंची नाडी बघायची सवय काही गेली नाही. आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

मी जव्हारला शिक्षक आहे. एकाच अंगणात आमच्या दोन खोल्या आणि सिस्टरांची एक. मोखाड्याहून निवृत्त होऊन त्या इथे आल्या. लग्न केलेलं नव्हतं. नाशिकला एक भाचा होता, तो दिवाळीला फोन करी आणि फोन ठेवायची घाई करी. सिस्टर मात्र नंतर बराच वेळ तो फोन हातातच धरून बसत.

एकदा माझ्या बायकोने त्यांना सरळच विचारलं, "सारखी नाडी काय बघता? तब्येत बरी आहे ना?"

त्या लाजल्या. साठी ओलांडलेली बाई लाजली की कशी दिसते, ते तुम्ही पाहिलं असेल तर ठाऊक असेल. "नाडी नाही हो. हा आमच्या यानातला नमस्कार."

मग कळलं. सिस्टर तरुण होत्या तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर एक मालिका लागत असे. परदेशी, पण हिंदीत आवाज दिलेली. अवकाशात भरकटलेलं एक यान आणि त्यातली परतीची वाट शोधणारी माणसं. ती माणसं लांब झोपेतून जागी झाली की कप्तान एकेकाला विचारी, "चालू?" आणि जो तो मनगटावर बोटं ठेवून सांगे, "चालू है."

तेव्हा सिस्टर जव्हारजवळच्या वांगणी गावी, सरकारी आरोग्य उपकेंद्रात होत्या. गावात वीज नव्हती. पहिल्या पगारातून त्यांनी छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला आणि तो जीपच्या बॅटरीवर चालवला. बॅटरी चार्ज करायला एसटीने जव्हारला पाठवायची. अँटेना बांबूला बांधलेला. चित्र हललं की एक जण बाहेर जाऊन बांबू फिरवी आणि आतले ओरडत, "वावरकडं घे! जास्त झाला, मागं घे!"

रविवारी उपकेंद्राच्या ओट्यावर सगळं गाव जमे. हिंदी फारसं कुणाला येत नव्हतं, म्हणून सिस्टर समजावून सांगत. हे सांगताना त्यांचा आवाज बदले.

"म्हातारे विचारायचे, ही मानसं कठं कामाला निघाली? मी म्हणायची, ताऱ्यांकडे. मग विचारायचे, मुकादम कोन त्यांचा? मी कप्तानाकडे बोट दाखवायची. एकाने विचारलं, जेवायला काय देतात त्यांना? मी म्हटलं, गोळ्या. तर म्हणतो, गोळ्या खातात? मंग ही तुज्याच दवाखान्यातली मानसं!"

हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी येई.

मालिका संपायच्या आतच त्यांची बदली मोखाड्याला झाली. टीव्ही त्यांचा, तो त्यांच्याबरोबर गेला. उरलेले भाग त्यांनी मोखाड्याच्या क्वार्टरमध्ये पाहिले. "तिथे लाइट होती सर," त्या म्हणाल्या, "पण शेजारी बसून बघायला कोणी नव्हतं."

स्मार्टफोन घेतल्यावर या मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप त्यांना मीच शोधून दिला. सुरुवातीला त्या विश्वासच ठेवेनात. इतकी माणसं, इतक्या वर्षांनी, तेच यान आठवत होती. कुणी पुठ्ठ्याचं यान करून त्याचा फोटो टाकी, कुणी मालिकेचं संगीत तोंडाने वाजवी. आमच्याकडे नेटवर्क नीट मिळत नसे, म्हणून सिस्टर संध्याकाळी गावाबाहेरच्या उंच शिरपामाळावर जात. फिरायला आलेली मंडळी सूर्यास्त बघत आणि सिस्टर त्या सगळ्यांकडे पाठ करून फोनमध्ये बघून हसत. परत आल्या की आमच्या दारात उभं राहून बातमी देत, "आज भोपाळच्या एका बाईंनी कप्तानाचा कोट शिवला!" एरवी दिवसभर त्यांच्याशी बोलायला मी, माझी बायको आणि नळाचं पाणी भरताना भेटणाऱ्या दोघी, एवढेच.

मालिकेचा वाढदिवस, म्हणजे ती सुरू झाली तो दिवस, ग्रुपवर दरवर्षी साजरा होई. देशभरातली माणसं मनगटावर बोटं ठेवून फोटो टाकत आणि आठवणी लिहीत. एका वर्षी, दिवाळीनंतर, सिस्टरांनी धीर करून पहिल्यांदाच स्वतःची, वांगणीची आठवण लिहिली. मराठीतच लिहिली. मुकादम, गोळ्या, बांबू, सगळं. कुणीतरी तिचं हिंदी केलं आणि बघता बघता खाली बदामांची रांग लागली. सिस्टर तो फोन घेऊन अख्ख्या आळीत फिरल्या. मेडिकलवाल्याला दाखवला, पोस्टात दाखवला.

दुसऱ्या दिवशी त्याच पोस्टखाली एकाने लिहिलं, "कहानी अच्छी है आंटी, पर सच नहीं लगती. बिजली नहीं थी तो टीवी कैसा?" त्याखाली आणखी काही जण हसले. एकाने फोटो मागितला.

त्या काळचा फोटो कुठून असणार? सिस्टर दिवसभर जेवल्या नाहीत. संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, "थांबा. फोटो आणते." आणि मला म्हणाल्या, "सर, रविवारी वांगणीला याल का माझ्याबरोबर? ओट्यावर बसणारं कुणीतरी असेलच अजून, त्याच्याबरोबर फोटो काढू."

वावर गावापर्यंत जीप मिळाली, पुढे चाललो. त्यांचे गुडघे दुखत होते, पण त्या माझ्या पुढेच होत्या. गाव आलं आणि त्यांची चाल मंदावली. घरांना कुलपं. काही दारांना नुसती तार गुंडाळलेली, काहींसमोर काट्याच्या फांद्या टाकलेल्या. भात कापून झालं होतं आणि माणसं कामाला बाहेर पडली होती. उपकेंद्राची नवी इमारत झाली होती. जुना ओटा सिस्टरांना सापडला नाही.

एका अंगणात एक म्हातारी नागली पाखडत बसली होती. जवळ एक कोंबडी, बाकी कोणी नाही.

"आजी, मी सिस्टर. इथल्या दवाखान्यात होते. ओळखलं का?"

म्हातारीने सूप खाली ठेवलं. बराच वेळ बघत राहिली. "तू ती पेटीवाली बाय. माजा नवरा बांबू फिरवायचा तुजा."

सिस्टर मटकन तिच्या शेजारी मातीत बसल्या. मी फोन काढून दोघींचा फोटो घेतला. आमचं काम झालं होतं.

"पोरं कुठं आहेत?" सिस्टरांनी विचारलं.

"भिवंडीकडं. इटभट्टीवर. होळीला येतील." मग म्हातारीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आन तुजी ती पेटीतली मानसं गं? तू पेटी घेऊन गेलीस, आमाला कायच कळलं नाय. माजा नवरा लय दिवस इचारायचा. आली का ती घरी?"

तुम्ही ती मालिका पाहिली नसेल, म्हणून सांगतो. ती माणसं घरी येत नाहीत. शेवटच्या भागात यान वळतं आणि पडद्यावर नुसतं आभाळ उरतं. पुढचे भाग कधी निघालेच नाहीत. ग्रुपवर याच शेवटावरून रोज वाद होत आणि सिस्टर त्यात हिरिरीने भाग घेत.

"आली आजी," सिस्टर म्हणाल्या. "सगळी आली."

"मुकादम?"

"तोही आला."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली आणि तिने सूप पुन्हा हातात घेतलं.

परतीच्या वाटेवर सिस्टर माझ्या मागे मागे चालत होत्या. मग थांबून म्हणाल्या, "सर, तो फोटो टाकायचा नाही."

"अहो, पुरावा मिळाला की! त्या लोकांची तोंडं बंद होतील."

"फोटोखाली लोक शेवटावर भांडतील. त्या आजींच्या नातवंडांकडे फोन असतीलच. कुणीतरी वाचेल आणि तिला जाऊन सांगेल, ती माणसं आलीच नाहीत म्हणून."

"मग ग्रुपवर काय सांगणार?"

"काही नाही."

त्यांनी खरंच काही सांगितलं नाही. काही दिवस कुणीकुणी विचारत राहिलं, "आंटी, फोटो?" मग तेही थांबलं. सिस्टर पुन्हा कधी ग्रुपवर लिहायला गेल्या नाहीत. शिरपामाळावर जात, पण आता लवकर परत येत. "आज काय नवीन?" असं विचारलं तर म्हणत, "बघते नुसती." पुढच्या वाढदिवसाला सगळ्यांनी फोटो टाकले. सिस्टर दारातल्या पायरीवर बसून ते एकेक करून मोठे करून पाहत होत्या. माझ्या बायकोने चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. तिथल्या नर्सनाच त्या सलाइन कसं लावायचं ते सांगत होत्या, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तिसऱ्या दिवशी गेल्या. भाचा आला, खाट आणि गॅस टेम्पोत घातला आणि किल्ली घरमालकाला देऊन निघून गेला.

ग्रुपवर मीच कळवलं. पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. कप्तानाचा कोट शिवणाऱ्या बाईंनी मोठं लिहिलं. त्या संशय घेणाऱ्या माणसानेही हात जोडले आणि खाली विचारलं, "आंटी एक फोटो लाने वाली थीं. मिला था क्या?" त्याचा हेतू वाईट नसावा.

फोटो माझ्या फोनमध्ये होता. दोघी मातीत बसलेल्या, मधे सूप, मागे कुलूप घातलेलं घर. मी तो उघडून पाहिला आणि बंद केला. उत्तर दिलं नाही.

बाहेर ऊन पडलं होतं. सिस्टरांच्या दारापुढे त्यांच्या साड्या वाळत घालायची दोरी भाच्याने काढून नेली नव्हती. माझी बायको तिच्यावर आमच्या मुलांचे गणवेश घालत होती.