सोयगावची पहिली गाडीवाली

आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाची मी सचिव आहे. मला कुणी निवडून दिलेलं नाही. ज्या मीटिंगला मी गेले नव्हते, त्याच मीटिंगमध्ये हे पद माझ्या गळ्यात पडलं. चिकलठाण्याला कारखान्यांच्या पलीकडं नव्या इमारती झाल्या, त्यातल्या एकीत आम्ही राहतो. दरवर्षी महिला दिनाला खालच्या हॉलमध्ये संगीतखुर्ची होते, सगळ्या एकाच रंगाच्या साड्या नेसतात आणि कुणीतरी थोर स्त्रियांवर भाषण करतं. मागच्या वर्षी ते भाषण माझ्याकडं होतं. बोलता बोलता लक्षात आलं, की पहिल्या रांगेतल्या दोघी कोथिंबिरीच्या वड्या खुसखुशीत कशा होतात यावर बोलतायत. खरं सांगायचं तर मलाही तेच ऐकायचं होतं.

म्हणून यंदा मी सुचवलं, की पुस्तकातल्या बायकांना एक वर्ष विश्रांती देऊ. प्रत्येकीनं आपल्या घरातली किंवा गावातली एखादी 'पहिली' शोधायची. घरातली पहिली मॅट्रिक झालेली, अंगठ्याऐवजी सही करणारी, एकटी एसटीनं पुण्याला जाऊन आलेली, काहीही चालेल. एका कार्डावर चार ओळी लिहायच्या, फोटो चिकटवायचा आणि कार्ड हॉलच्या भिंतीवर लावायचं.

माझं कार्ड तर तयारच होतं. माझी आई ही सोयगावात दुचाकी चालवणारी पहिली बाई, हे आमच्या घरात सगळ्यांना लहानपणापासून पाठ आहे. आमचं घर सोयगावला, आणि आई तिथून सहा किलोमीटरवरच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. एसटी दिवसातून दोनदा, तीही मनात आलं तर यायची. मी दुसरीत असताना वडिलांनी तिला मोपेड घेऊन दिली. पदर कमरेला खोचलेला, पर्स हँडलला लटकवलेली, चेहरा एखाद्या लढाईवर निघाल्यासारखा, असा तिचा एक फोटो आहे. तोच मी कार्डावर लावला. वडील गेल्यापासून आई माझ्याकडंच असते. कार्ड वाचून ती म्हणाली, "'सोयगाव' नको लिहू, 'सोयगाव तालुका' लिही." मी लिहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी संगीतखुर्ची बाजूलाच राहिली. बायका घोळक्यानं भिंतीपाशी उभ्या राहून वाचत होत्या. "ही तुझी आजी? नाक बघ, डिट्टो तूच!" असं चाललं होतं. आई आपल्या कार्डाखाली खुर्ची टाकून बसली होती, प्रदर्शनात स्टॉल मांडून बसावं तशी.

तेवढ्यात बी विंगमध्ये नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबातल्या आजी सुनेसोबत आल्या. पंचाहत्तरीच्या, पण पाठ ताठ आणि सुती साडीला कडक इस्त्री. त्यांनी चष्मा लावून आईचं कार्ड वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"हे चूक आहे," त्या म्हणाल्या.

"काय चूक आहे?" आईनं खुर्चीतूनच विचारलं.

"सोयगावात पहिली गाडी मी चालवली. सरकारी दवाखान्यात नर्स होते मी. तीन वर्षं."

आई उठून उभी राहिली.

"मी तर तुम्हाला कधी बघितलं नाय."

"मलाही तुम्ही दिसल्या नाय."

आता दोघी समोरासमोर आणि मी सचिव या नात्यानं मध्ये. सिस्टरांनी, म्हणजे त्या नर्सबाईंनी, उलटतपासणी सुरू केली.

"तुमच्या वेळी बसस्टँडवर पत्र्याचं शेड होतं का?"

"होतं की."

"मग तुम्ही नंतरच्या. माझ्या वेळी एसटी लिंबाच्या झाडाखाली थांबायची."

आई परत खुर्चीकडं वळली. मला वाटलं, मिटलं. पण चाळीस वर्षं शाळा चालवलेली बाई इतक्यात हार मानते होय!

"लायसन होतं तुमच्याकडं?"

"लायसन कशाला लागतंय? फौजदाराच्या बायकोचं बाळंतपण मी केलं होतं. मला कोण अडवणार?"

सगळा हॉल हसला. आई मात्र हसली नाही. "मग लायसनवाली पहिली मी," असं तिनं जाहीर केलं. बायकांचे लगेच दोन पक्ष पडले. ए विंग आईच्या बाजूनं, बी विंग सिस्टरांच्या. शेवटी मी पेन घेऊन कार्डावर 'पहिली' खोडलं आणि 'पहिल्या दोघी' लिहिलं. दोघींचा कार्डाखाली उभं राहून फोटो काढला. फोटोत दोघी विरुद्ध दिशांना बघतायत.

रात्री जेवताना आई मध्येच म्हणाली, "शेड नंतर झालं, हे खरंय." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बेल वाजली. दारात सिस्टर, हातात पुराव्याचा फोटो. पांढरी साडी, पांढरी चप्पल आणि खाली मोपेड. आईनं फोटो निरखून बघितला आणि विचारलं, "ब्रेक कुठला धरायच्या तुम्ही, पुढचा का मागचा?" मग दोघी सोयगावच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल जे बोलत बसल्या, ते मी दुपारी बँकेतून परत आले तरी चालूच होतं. चहाचे सहा कप सिंकमध्ये होते. तिसऱ्या दिवसापासून त्या बागेत एकत्र फिरायला लागल्या.

इथंच हे संपलं असतं. पण मी दोघींचा कार्डाखालचा फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला होता, आणि सोयगावहून काकांचा फोन आला. काकांचं तिथं बी-बियाणांचं दुकान आहे; गावातली कुठलीही गोष्ट त्यांच्या दुकानावरून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही.

"कार्ड वाचलं, चांगलं लिहिलंय," काका म्हणाले. "पण फ्रॉकवाल्या भाभी?"

"कोण फ्रॉकवाल्या भाभी?"

"तुझ्या आईला विचार."

आई आणि सिस्टर समोर सोफ्यावर बसून मटार सोलत होत्या. मी फोन स्पीकरवर टाकला. काका म्हणाले, "वहिनी, मोपेडचं सोडा. भाभी स्कूटर चालवायच्या. गिअरची. तुम्ही लग्न होऊन आला, तेव्हाही चालवायच्या."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं सिस्टरांकडं बघितलं.

"अगं बाई!" आई म्हणाली.

"व्हय की," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही दवाखान्याच्या पायरीवरून बघायचो की त्यांना."

मग मला सगळं कळलं. भाभी घरी लहान मुलींचे फ्रॉक शिवायच्या आणि आठवडी बाजारांना जाऊन विकायच्या. स्कूटर त्या चालवायच्या आणि मागं त्यांचे मिया, मांडीवर फ्रॉकचं गाठोडं घेऊन. माझेही फ्रॉक त्यांच्याकडचेच असायचे.

"मग तुम्ही दोघी त्या दिवशी भांडत कशाला होता?" मी विचारलं.

आईनं हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग म्हणाली, "त्यांच्या मियाची स्कूटर, असंच म्हणायचे सगळे. मागं नवरा बसलेला असला, की आमच्या नजरेला तोच दिसायचा. हँडल कुणाच्या हातात आहे, हे कुणी हिशेबात धरलंच नाय."

सिस्टर म्हणाल्या, "मी तरी कुठं धरलं?"

काकांनी दोन दिवसांत पत्ता काढला. भाभी इथंच शहरात, रोशन गेटजवळ लेकीकडं राहत होत्या. लेकीशी फोनवर बोलून त्या रविवारी मी दोघींना गाडीत घातलं आणि निघाले. आई सबंध रस्ताभर पदर सारखा करत होती. सिस्टरांनी वाटेत गाडी थांबवून दोन किलो द्राक्षं घेतली.

भाभी पलंगावर बसल्या होत्या. बारीक चण, पांढरेशुभ्र केस, आणि हातात नातीच्या ड्रेसची उसवलेली शिवण. आईनं ओळख सांगितली, तशा त्या हसल्या. "मास्तरीणबाई! तुमच्या पोरीला पिवळा रंगच लागायचा. दुसरा दाखवला की रडायची." ती पोरगी म्हणजे मी. पिवळा रंग मला आजही आवडतो. ही माहिती तिथं गाठोड्यात बांधून ठेवलेली असेल, असं वाटलं नव्हतं.

आम्ही कशासाठी आलो, हे मी सांगितलं. त्यांनी हात झटकला.

"अरे अल्ला, कौन पहिली, कौन दुसरी! मला तर बाजार गाठायचा होता."

"पण सुरुवात कशी झाली?" सिस्टरांनी विचारलं.

भाभींनी शिवण बाजूला ठेवली. "ईद चार दिवसांवर. चाळीस फ्रॉक तयार. आणि हे घराच्या पायरीवरून पडले, हात सुजला. फर्दापूरचा बाजार दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, मी चालवते. हे म्हणाले, नक्को, गाडी पाडशील. मी म्हटलं, सहा साल तुमच्या मागं बसले, तुम्ही गिअर टाकताना हात बघत होते. मला सगळं पाठ आहे."

"आणि होतं?"

"कुठलं! पहिला गिअर पडला, दुसरा पडेना. पहिल्यावरच फर्दापूर गाठलं. बैलगाड्या पुढं निघून जायच्या. हे मागं बसून सगळा रस्ता दुआ म्हणत होते. पोचल्यावर म्हणाले, ही दुआ मला पूर्ण पाठ नव्हती, आज झाली."

आम्ही सगळ्या, लेक धरून, इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून नात बघायला आली.

"हात बरा झाल्यावर?" आईनं विचारलं.

"बरा झाला. पण त्यांना मागं बसायची गोडी लागली. इकडं तिकडं बघता येतं, पान खाता येतं. फक्त गाव जवळ आलं की म्हणायचे, थांब, आता मी घेतो. लोक काय म्हणतील? मग मी उतरायची, ते पुढं बसायचे. काही महिने असंच चाललं. एक दिवस मीच थांबले नाही. हे पाठीवर बोट टोचतायत, थांब, थांब. मी थेट बाजारातून गाडी काढली. लोकांनी बघितलं आणि आपापल्या कामाला लागले. हे म्हणाले, बस? एवढंच होतं?"

आईनं त्यांचा हात हातात घेतला. "भाभी, मी तुम्हाला रोज बघत होते. मोपेडसाठी मी घरात हट्ट धरला, तो तुम्हाला बघूनच धरला असणार. आणि कार्डावर मात्र माझं नाव लिहू दिलं."

"मग काय झालं?" भाभी म्हणाल्या. "तुम्ही एकट्या जायच्या ना, बाई. मला त्याचा लई हेवा वाटायचा. माझ्या मागं हे होते आणि त्यांची दुआ होती."

लेकीनं चहा आणि नानखटाई आणली. मी फोटो मागितला. स्कूटरसोबतचा एकच फोटो निघाला, आणि तो बघून सिस्टरांनी कपाळावर हात मारला. फोटोत मिया हँडल धरून रुबाबात उभे आहेत आणि भाभी बाजूला, कडेवर गाठोडं घेऊन.

"फोटोग्राफरनं उभं केलं तसे उभे राहिलो," भाभी म्हणाल्या.

नवीन कार्ड आईनं स्वतः लिहिलं, शिक्षिकेच्या गोल अक्षरात. वर भाभी, खाली सिस्टर, शेवटी ती स्वतः. 'सोयगाव तालुका' तिनं तसंच ठेवलं. भाभींच्या फोटोखाली एक ओळ जास्तीची लिहिली: 'फोटोत गाडी धरून उभे आहेत, ते मागे बसायचे.'

पुढच्या रविवारी लेक भाभींना घेऊन कॉलनीत आली. कार्यक्रम होऊन पंधरा दिवस झाले होते, तरी हॉल परत भरला. ए विंग, बी विंग असा काही भेद राहिला नाही. भाभींनी भाषण केलं नाही; खुर्चीत बसल्या आणि बायका विचारतील त्याला उत्तरं देत राहिल्या. आमच्या मजल्यावर एक तरुण सून आहे. तिनं तीन वर्षांपूर्वी लायसन काढलं, पण ते कपाटातच आहे. नवऱ्याच्या मागं बसूनच ती सगळीकडं जाते. ती मागच्या रांगेतून हळूच म्हणाली, "चाची, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," भाभी म्हणाल्या. "पण बेटा, भीती तर मागं बसून पण वाटायचीच. उलट जास्त. ब्रेक आपल्या हातात नसतो ना."

मंगळवारी संध्याकाळी खालून हॉर्नचा आवाज आला म्हणून मी गॅलरीतून डोकावले. पार्किंगमध्ये ती सून स्कूटरवर बसलेली, दोन्ही पाय जमिनीला टेकवून एकेक पाऊल पुढं सरकत होती. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सिस्टर. आई सांगत होती मागचा ब्रेक धर, सिस्टर सांगत होत्या दोन्ही धर. नवरा लांब लिफ्टपाशी उभा होता आणि त्याला तिथंच थांबायचा हुकूम होता.

"पाय वर घे," आई ओरडली.

तिनं पाय वर घेतले. गाडी जरा हेलकावली, सरळ झाली आणि गेटच्या दिशेनं निघाली.