चौऱ्याऐंशीवं सोलपट

अँब्रोज ग्लॅशीन, आमचा ब्रोज, कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते बहुतेक वेळा लाकडाशी. मी मर्ल, आमच्या प्रयोगशाळेतलं दाबयंत्र चालवणारी. चौदा वर्षं त्याच्या शेजारच्या बाकावर काढली, म्हणून त्याच्याबद्दल सांगायचा हक्क माझा. त्याच्या निवृत्तीच्या निरोपाच्या दिवशी विद्यापीठाने जे छापील कौतुक वाचून दाखवलं, त्यात खरा ब्रोज औषधालाही नव्हता. तो स्वतःही त्या दिवशी आला नव्हता. का आला नाही, तेच सांगते.

आमच्याकडे टूवूंबाच्या आसपास ओढे फार आणि प्रत्येक ओढ्यावर म्हातारा झालेला लाकडी पूल. त्या पुलांच्या तुळया आयर्नबार्क झाडाच्या, माणसाच्या कवेत न मावणाऱ्या. आता तेवढी झाडं राहिली नाहीत. म्हणून आम्ही काचेच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून त्याच्या फळ्या करत होतो, आणि सात फळ्या एकमेकींवर चिकटवून तुळई. ती तयार झाली की माझ्या यंत्राखाली यायची आणि मी ती मोडायची. किती टनाला वाकली, कुठून तडकली, सगळं नोंदायचं. आमच्या प्रमुख नीना पेट्रिडिस म्हणायच्या, "कागदावरची ताकद कागदालाच लखलाभ. मोडल्याशिवाय काही कळत नाही." शिकलेल्या बाईच्या तोंडून एवढं शहाणपण क्वचितच ऐकायला मिळतं.

ब्रोज त्याआधी काउन्सिलच्या पूल दुरुस्तीच्या टोळीत सुतार होता. हातोडीने तुळई ठोकायची आणि कान लावायचा, ही त्यांची परीक्षा. आत वाळवीने पोखरलं असेल तर आवाज पोकळ येतो. आमच्याकडे आला तेव्हा ती हातोडी घेऊनच आला. काचेच्या तुळयाही ठोकायचा. फळ्यांमध्ये नखाएवढा बुडबुडा राहिला तरी त्याला ऐकू यायचा, आणि यंत्राने तपासलं की तिथेच सापडायचा. पीएचडी करणारी पोरं तोंडात बोटं घालायची.

पण त्याचा स्वतःचा भरवसा कानावर नव्हता. त्याचा भरवसा सोलपटांवर होता.

साच्यातून फळी निघते तेव्हा तिच्या अंगावर एक पातळ कापड चिकटलेलं असतं. धूळ, तेलकट हात यांपासून ते फळीला जपतं. चिकटवायच्या अगदी आधी ते ओढून सोलायचं. आम्ही त्याला सोलपटच म्हणायचो. ते चुकून आत राहिलं तर राळ फळीला न धरता त्या कापडाला धरते. बाहेरून काही दिसत नाही. हातोडीलाही कळत नाही, कारण पोकळी नसतेच, दोन्ही फळ्या घट्ट टेकलेल्या असतात. मग पाऊस, ऊन, ट्रकचे हादरे, आणि कधीतरी तुळई त्या जागी पुस्तकासारखी उघडते. कापडाचा रंग फळीसारखाच. ओळखायला म्हणून त्यात एक लाल धागा विणलेला असतो, तेवढीच खूण.

ब्रोजने भिंतीला कुंपणाची तार बांधली होती. सोललेलं प्रत्येक सोलपट त्या तारेवर अडकवायचं. सात फळ्या म्हणजे सहा सांधे, सहा सांधे म्हणजे बारा अंगं, एका तुळईला बारा सोलपटं. सगळ्या तुळया झाल्या की तो तारेसमोर उभा राहून मोजायचा, बोट लावून, ओठ हलवत. पोरं हसायची. "ब्रोजची धुणी वाळली का?" म्हणायची. हा त्यांच्याकडे बघायचासुद्धा नाही.

टूमीच्या ओढ्यावरच्या पुलासाठी आम्ही सात तुळया केल्या. सहा पुलाला, सातवी मोडून पाहायला. प्रयोगशाळेबाहेर पडणारं आमचं ते पहिलंच काम, त्यामुळे सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. त्यात मधे मेलबर्नच्या घोड्यांच्या शर्यतीचा मंगळवार आला, ज्या दुपारी सगळा देश हातातलं काम टाकून टीव्हीपुढे बसतो. शुक्रवारी वर्तमानपत्रवाला फोटो काढायला आला. नीना म्हणाल्या, "ब्रोज, फोटोत ती चिंध्यांची तार नको हो." त्याने मुकाट्याने तार काढली आणि सोलपटं एका पोत्यात कोंबली. मोजायची राहिली.

सातवी तुळई मी मोडली. तिने त्रेचाळीस टन घेतले, हवे होते त्याहून तीन जास्त. डिसेंबरात पूल खुला झाला. पाण्याने भरलेला टँकर वर उभा करून पाहिला, पूल हलला नाही. सॉसेज भाजले, भाषणं झाली, सगळे घरी गेले.

फेब्रुवारीत ब्रोज निवृत्तीच्या आधीची आवराआवर करत होता. पोतं उपडं करून जमिनीवर बसला. मी चहा घेऊन गेले तर तो तिसऱ्यांदा मोजत होता.

"मर्ल, जरा तू मोज."

"अरे, मला काय धंदे नाहीत?"

"मोज गं."

मी मोजली. त्र्याऐंशी. हवी होती चौऱ्याऐंशी.

"पडलं असेल कुठे तरी," मी म्हटलं. "झाडूवाल्याने नेलं असेल."

"असेल," तो म्हणाला. "किंवा पुलात असेल."

दुसऱ्या दिवशी तो टूमीच्या ओढ्यात उतरला आणि सहाही तुळया इंच न् इंच ठोकून आला. सगळ्यांनी खणखणीत आवाज दिला. तो परत येऊन सरळ नीनांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "पूल बंद करा. सहाही काढा आणि मोडा."

मग जे झालं ते झालंच. काउन्सिलचा इंजिनिअर आला. ज्वारी कापणीला आली होती, पूल बंद म्हणजे शेतकऱ्यांना चाळीस किलोमीटरचा वळसा. तो चिडून म्हणाला, "एका चिंधीपायी? मोजायला तुम्हीच विसरलात, आणि भोगायचं आम्ही?"

"हो, मीच विसरलो," ब्रोज म्हणाला. "तसं लिहून देतो."

"तुमच्या हातोडीला तर काही दोष दिसला नाही ना?"

"नाही दिसला."

"मग?"

ब्रोज खुर्ची ओढून बसला. त्याच्या भावाबद्दल मला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्याने ते परक्या माणसासमोर सांगितलं. "चौऱ्याहत्तर साली मी एका पुलाची तुळई ठोकली होती. चांगली आहे म्हणून सही केली. नवव्या दिवशी माझा भाऊ डेस त्या पुलावरून धान्याचा ट्रक घेऊन निघाला. ट्रक ओढ्यात गेला. डेस त्यातच होता." मग तो उठला. "माझ्या कानावर भरवसा ठेवून एक माणूस गेलाय. आता आकड्यावर ठेवतो."

नीनांनी त्याच संध्याकाळी पूल बंद करायच्या पत्रावर सही केली. त्या पत्राने त्यांचं पुढचं अनुदान अडकणार हे त्यांना माहीत होतं, तरीही केली. त्या बाईला मी नंतर कधी उलट बोलले नाही.

सहा तुळया ट्रकमधून परत आल्या. गावात ब्रोजचं नाव झालं, पण भलतंच. बाजारात लोक म्हणायचे, "काय ब्रोज, आज किती चिंध्या मोजल्या?" हात दाखवून अवलक्षण, असं त्याची वहिनीच मला म्हणाली. डेसची बायको. ती म्हणाली तेव्हा मला तिचा राग आला, आणि तिची दयाही आली.

पहिली तुळई मी यंत्राखाली घेतली. चव्वेचाळीस टन. तडकली ती मधूनच, सांधा शाबूत. दुसरी त्रेचाळीस. तिसरी पंचेचाळीस. आपल्या हातची इतकी चांगली तुळई मोडायची जिवावर येतं हो. ब्रोज बाजूला टोपी हातात धरून उभा असायचा, कुणाच्या अंत्ययात्रेला उभं राहावं तसा. चौथी चव्वेचाळीस.

त्या शनिवारी मी घरी टोमॅटोच्या झाडांना पाणी घालत होते. झाडं काठीला बांधलेली. बांधायला मी काय वापरलं होतं? सोलपटं. प्रयोगशाळेतून अधूनमधून आणायचे, मऊ असतात, देठाला काचत नाहीत. एकाचा लाल धागा उन्हात चमकला आणि मी पाइप तिथेच टाकला. त्या पोत्यातूनच तर नेलं नसेल? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला चिंधीचा मिळाला. ते सोडून घेतलं आणि सोमवारी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं.

"हे घ्या चौऱ्याऐंशीवं," मी म्हटलं. "चोर मी आहे. मला काय शिक्षा करायची ती करा, पण उरलेल्या दोन तुळया वाचवा."

नीना खुर्चीतून उठल्याच. काउन्सिलचा इंजिनिअर हसला. महिन्याभरात पहिल्यांदा त्या खोलीत कुणी हसलं असेल. दोन तुळया वाचल्या तर नव्या चारच कराव्या लागणार, हिशेब सोपा होता.

ब्रोजने सोलपट उचललं, उलटसुलट केलं.

"कधी नेलंस, मर्ल?"

"आता ते कसं आठवणार?"

"नोव्हेंबरात? की त्याच्या आधी?"

मी खोटं बोलू शकले असते. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि मी खोटंच बोलावं असं सगळ्यांना वाटत होतं. त्यालाही ते समजत असावं.

"नाही आठवत रे," मी म्हटलं.

"मग मोडू या," तो म्हणाला.

पाचवी तुळई सेहेचाळीस टनाला गेली, सगळ्यांत जास्त. इंजिनिअर उठून बाहेर निघून गेला. नीना कपाळाला हात लावून बसल्या. मला ब्रोजला ओरडून सांगावंसं वाटलं की बाबा रे, पुरे आता, घरी जा, स्वतःची लाज तू किती काढून घेणार आहेस.

सहावी ट्रकमध्ये सगळ्यांत खाली होती, म्हणून शेवटी आली. मी दाब वाढवायला लागले. दहा टन. पंधरा. सतरा टनाला एक आवाज आला. मोडल्याचा कडकडाट मी हजारदा ऐकलाय, हा तसा नव्हता. कपडा फाटावा तसा लांबच लांब आवाज. चौथा सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडला.

मी यंत्र थांबवलं. ब्रोज पुढे आला, वाकला, आणि उघडलेल्या फटीत दोन बोटं घालून त्याने ते ओढलं. सबंध लांबीचं सोलपट. त्यातला लाल धागा जसाच्या तसा. टूमीच्या ओढ्यावरून शाळेची बस दिवसातून दोनदा जायची, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

त्याने तुळईच्या टोकाकडे बोट केलं. प्रत्येक तुळईच्या टोकावर तो पेन्सिलने दिवस लिहायचा. तिथे लिहिलं होतं, शर्यतीचा मंगळवार.

आणि मला आठवलं. दोनला पाच कमी होते. तो चौथ्या फळीवर वाकला होता आणि मी दारातून ओरडले होते, "अरे ए म्हाताऱ्या, चल ना, घोडे सुटतील! फळी काही पळून जात नाही." तो आला होता. शर्यत संपल्यावर राळ घट्ट व्हायच्या आत उरकायचं म्हणून धावत परत गेला होता. फळी सोललीच आहे असं समजून त्याने वर राळ लावली असणार.

सगळे गेल्यावर मी त्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"शंका होती."

"मग तीच आधी का नाही मोडली? पाच चांगल्या तुळया फुकट गेल्या, ब्रोज!"

"शंका चुकीची निघाली असती तर? तीच एक मोडली असती, ती चांगली निघाली असती, आणि बाकीच्यांना मग कुणी मला हात लावू दिला असता?"

ते खरं होतं. पण ते सगळं नव्हतं. मंगळवारचं नाव घेतलं असतं तर काम मधेच का सोडलंस हे त्याला विचारलं गेलं असतं, आणि त्याला माझं नाव घ्यावं लागलं असतं. त्याने कागदावर लिहून दिलं होतं, "चूक सर्वस्वी माझी." तो कागद अजून फाइलमध्ये आहे. मी तो बदलायला गेले तेव्हा नीना म्हणाल्या, "मर्ल, ब्रोजने मला बजावलंय, या कागदाला कुणाला हात लावू द्यायचा नाही."

त्याने भिंतीवर ती कुंपणाची तार पुन्हा बांधली. पोत्यातली त्र्याऐंशी सोलपटं एकेक करून अडकवली. मी मदतीला गेले तर म्हणाला, "राहू दे, मला मोजायचंय." शेवटी तुळईतून निघालेलं ते अडकवलं. बोट लावून, ओठ हलवत मोजलं. चौऱ्याऐंशी. मग टोपी घातली आणि घरी गेला. त्यानंतर तो प्रयोगशाळेत आला नाही, निरोपालाही नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी तो वारला. गावात कुणी त्याला शाबासकी दिली नाही. ज्याने चूक केली त्यानेच ती शोधली, यात शाबासकी कसली, असं लोकांचं म्हणणं. मला ते पटत नाही आणि पटणारही नाही.

ती तार अजून भिंतीवर आहे. नवी पोरं आता न सांगता मोजतात. शर्यतीच्या मंगळवारी दोन वाजता सगळे टीव्हीपुढे जातात. मी जात नाही. मी बाकावर बसून राहते, आणि कुणी दारातून हाक मारली तर सांगते, तुम्ही व्हा पुढे, माझी फळी सोलायची राहिली आहे.