पाल्य मी, पालक सासूबाई

लहान मुलीच्या आईच्या पर्समध्ये वस्तू कशा न सांगता साठतात! अर्धं बिस्कीट, एकच मोजा, डोकं नसलेली बाहुली. लॉ कॉलेजचे किस्से माझ्याकडे तसेच साठले. तेहतिसाव्या वर्षी पनवेलजवळच्या एका खासगी विद्यापीठात मी एलएलबीला प्रवेश घेतला, तेव्हा वाटलं होतं, अभ्यास जड जाईल. अभ्यास बरा निघाला. जड गेली ती आचारसंहिता!

चौसष्ट पानांची पुस्तिका. आयडी गळ्यात हवा, मोबाईल बंद हवा, तास चालू असताना वर्ग सोडायचा नाही. आणि नवव्या पानावर ठळक अक्षरांत: पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही.

अख्ख्या वर्गात ती पुस्तिका पेन्सिल घेऊन वाचणारी मी एकटीच. घाबरट माणसं नियम वाचतात, बाकीची मोडतात. पण एक मी पक्कं ठरवलं होतं. लग्नाच्या वेळी पदवीनंतरचं शिक्षण अर्धवट सुटलं होतं. आता काही झालं तरी वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही.

*

प्रवेशाच्या रांगेत माझ्यापुढे घरत काका होते. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त, वय एकसष्ट, मनगटावर मुद्दाम दोन मिनिटं पुढे ठेवलेलं घड्याळ.

"रॅगिंगविरोधी हमीपत्रावर पालकाची सही राहिलीय," क्लार्क मॅडम म्हणाल्या.

"अहो, मी स्वतः आजोबा आहे!"

"आजोबांची चालत नाही. आईची किंवा वडिलांची आणा."

दुसऱ्या दिवशी काका फॉर्म घेऊन हजर. सही थरथरती, पण पूर्ण नावानिशी. गावाला जाऊन शहाऐंशी वर्षांच्या वडिलांची आणली होती.

"काही म्हणाले का?" मी विचारलं.

"म्हणाले, पोरांना त्रास देऊ नकोस!"

*

मग माझा नंबर आला. फॉर्मवर पालकाचा मोबाईल नंबर सक्तीचा, आणि विद्यार्थ्याचाच नंबर दिला तर कॉम्प्युटर घेत नाही. माझे आईवडील आता नाहीत. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने रेंजच्या बाहेर. उरल्या सासूबाई. दिला त्यांचा नंबर!

महिनाभरानं एका दुपारी लायब्ररीत, टॉर्ट्सच्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याच्या, पुस्तकावर डोकं टेकून मी गाढ झोपले. चार वर्षांच्या मुलीच्या आईला शांतता मिळाली की दुसरं काय होणार? तीनचा तास बुडाला. चोरासारखी कामोठ्याला घरी आले, तर सासूबाई दारातच. हातात मोबाईल.

"कुटं व्हतीस गो?"

"कॉलेजात."

त्यांनी चष्मा लावला आणि मेसेज मोठ्यानं वाचला. "आपला पाल्य आज तासिकेस अनुपस्थित होता." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "या वेळंला मी तुज्या नवऱ्याला सांगत नाय. पन पुन्हा नाय झाला पायजे!"

इतकी भीती मला दहावीतही वाटली नव्हती.

*

आयडीचा किस्सा तर आमच्या वर्गात अजून सांगतात. सकाळी गेटवर पोचले आणि गळ्याला हात लावला, तर कार्ड नाही. शिंदे वॉचमन म्हणजे भिंत.

"कार्ड नाही, तर एंट्री नाही, मॅडम."

घरी व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर माझी ओवी. गळ्यात माझं कार्ड घालून पोहे खात होती! मी मोबाईल शिंदेंच्या तोंडापुढे धरला. "हे बघा कार्ड. फोटो माझा, नाव माझं. आता सोडा."

शिंदेंनी कार्ड पाहिलं, मला पाहिलं, ओवीला पाहिलं.

"मॅडम, नियमानं बघितलं तर आज तुमच्या मुलीला सोडता येईल. तुम्हाला नाही!"

*

दुसऱ्या सत्रात ओवीला डेंग्यू झाला. बारा दिवस मी हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी. प्लेटलेट्सचे आकडे पाठ झाले, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टची कलमं विसरले. ती बरी झाली, खोडकरपणाही परतला, आणि मी सगळे कागद घेऊन ऑफिसात गेले. हजेरीत सवलत मागायला.

क्लार्क मॅडमनी कागद उलटेपालटे केले. "आजारी तुम्ही होतात?"

"नाही, माझी मुलगी."

"मग तुम्ही का नाही आलात?"

मला खरंच उत्तर सुचलं नाही. आणि म्हणे मी वकील होणार!

बाहेर घरत काकांनी पुस्तिका उघडली. सवलत एनसीसीला होती, खेळाडूंना होती, युवा महोत्सवात नाचणाऱ्यांनाही होती. आईला नव्हती. मग काकांनी कंट्रोलरच्या सवयीनं कागदावर गणित मांडलं. "ताई, सत्र संपेपर्यंत एकही तास बुडवायचा नाही. मग बरोबर पंचाहत्तर. एक जरी गेला, तर चौऱ्याहत्तर आणि काहीतरी."

"एकही नाही बुडणार," मी म्हटलं. आवाज ठाम आला.

*

हजेरी कमी असलेल्यांना पालकांसह बोलावलं. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत मी, आणि शेजारी हिरवं नऊवारी लुगडं नेसलेल्या सासूबाई. विभागप्रमुख पाटणकर सर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.

"आजी, या घरी अभ्यास करतात का?"

"पहाटं चारला उठते. मी झोपल्याचं सोंग घेते, म्हंजे तिला माज्यासाटी चा करायला उठावं लागनार नाय."

हे मला आजवर माहीत नव्हतं.

सरांनी हमीपत्र पुढे केलं. "इथे सही करा. यापुढे पाल्याच्या हजेरीची संपूर्ण जबाबदारी पालकाची राहील."

"संपूर्ण?"

"संपूर्ण."

सासूबाईंनी कागद दोनदा वाचला. "माजं म्हायेर चिरनेरचं हाय, सर, जंगल सत्याग्रहाच्या गावचं. आमी कागदाला भीत नाय." आणि सही ठोकली. वर म्हणाल्या, "याची एक झेरॉक्स मना द्या."

*

सत्राच्या शेवटच्या दिवशी एकच तास होता, तीनचा. चोवीस दिवस मी एकही तास बुडवला नव्हता. अगदी ताप अंगावर काढला होता.

साडेबाराला ओवीच्या शाळेतून फोन. घसरगुंडीवरून पडली, हनुवटी फुटली. मी होते तशी धावले. दवाखान्यात रांग, मग दोन टाके. सव्वादोनला सासूबाईंना फोन लावला. "आई, दवाखान्यात या. ओवीला घ्या, मला तीनला पोचायचंय."

"तू तिला सोडून येऊ नको. रडंल ती," त्या म्हणाल्या आणि फोन बंद!

टाके घातलेली लेक कडेवर घेऊन मी रिक्षात बसले. नेऱ्याच्या रस्त्याला ट्रॅफिक. विद्यापीठाच्या गेटवर उतरले तेव्हा तीन वाजून नऊ मिनिटं. आणि गळ्यात कार्ड नाही. ते घरी खुंटीवर!

"शिंदे, प्लीज..."

"मॅडम, तुमचं कार्ड मघाशीच आत गेलंय. जा, पळा!"

दुसऱ्या मजल्यावर पोचले, तर वर्गात गोंधळ. माझ्या बाकावर सासूबाई ताठ बसलेल्या. गळ्यात माझा आयडी, हातात झेरॉक्स. समोर पाटणकर सर, हजेरीपट उघडा, बोट माझ्या नंबरवर अडकलेलं.

"आजी, हे नियमात बसत नाही."

"कुटल्या नियमात? तुमीच म्हनालात, संपूर्ण जबाबदारी माजी. ती नाय, म्हनून मी आले."

अख्खा वर्ग चौसष्ट पानं चाळत होता. वर्षभरात पहिल्यांदाच! घरत काका उभे राहून वाचत होते, "पान अकरा, सर. हजेरी पूर्ण होण्याआधी वर्गात आलेला विद्यार्थी हजर समजावा."

"पण त्या आल्यायत कुठे?"

"प्रेझेंट सर!" मी दारातून ओरडले. कडेवरची ओवीही ओरडली, "पेझेंट सर!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, ओवीच्या पट्टीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. पेन उचललं आणि माझ्या नंबरपुढे खूण केली.

मी बाकापाशी गेले. "आई, झालं. ओवीला घेऊन तुम्ही घरी जा आता."

सासूबाई इंचभर सरकल्या आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली.

"बस गप. तास चालू हाय. मधीच उठायचं नाय!"