उंचावरच्या कुंड्या

स्पेनमधल्या कॉर्दोबातल्या एका अंगणाची भिंत निळ्या कुंड्यांनी भरली होती. लांब काठीला डबा बांधून एक म्हातारी वरच्या रांगेला पाणी घालत होती. मी फोटो काढत होतो. एवढ्या उंच कशाला टांगल्या, असं खुणेनं विचारलं. तिनं दारावरच्या नवऱ्याच्या तसबिरीकडे बोट केलं आणि हात वर नेऊन त्याची उंची दाखवली. तो गेला, तरी कुंड्या तिनं खाली घेतल्या नाहीत, काठी आणली.

हे गाव बघायचं खूळ माझ्या बायकोचं. ती गेल्यावर मी एकटाच आलो. ती असती तर म्हणाली असती, "फोटो पुरे, आधी त्यांच्या हातातली काठी घ्या." घेतली. पाणी घालताना आठवलं, आमच्या गॅलरीतल्या तिच्या कुंड्या कधीच्या वाळून गेल्यात. तिथे तर काठीसुद्धा लागत नाही.