लपवलेलं 'नही'

"दख भाऊ, आते गंमत!" असं म्हणायचं, ओठांवर बोट ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने कीबोर्डवरचं एक बटण दाबायचं. आमच्या नानांचा दिवस असा सुरू व्हायचा. मग काळ्या पडद्यावर एखादं अक्षर पिवळं व्हायचं, एखादं लुकलुकायचं. चित्र नाही, माउस नाही, नुसती अक्षरं. पण तुम्ही पाहायला हवं होतं. त्यांना नटवताना नानांचा चहा रोज निवायचा.

यावल रस्त्याला केळी पिकवण्याच्या केंद्रात आम्ही बरोबर होतो. नाना मूळचे धुळ्याकडचे, राहायला पिंप्राळ्यात. पिकवण्याच्या खोल्यांवर नजर ठेवणारा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला, तोही त्यांच्या अहिराणी बोलीत. मराठी अक्षरं त्या पडद्यावर मोडायची, म्हणून लिपी तेवढी इंग्रजी. साहेबांनी नाक मुरडलं, तर म्हणाले, "केळीसले समजस, तुमले का नही?"

प्रत्येक खोलीपुढे एकच ओळ असायची : 'मझार मानूस नही शे', म्हणजे आत माणूस नाही. आत जाणाऱ्याने दाराजवळचं बटण दाबलं, की ओळीतलं 'नही' पुसलं न जाता तेवढं लपायचं आणि 'मझार मानूस शे' उरायचं. या युक्तीवर नाना स्वतःच फिदा होते.

एका दुपारी जुना संगणक बंद पडला आणि साहेबांनी दुसरा जोडून दिला. एका खोलीत माल भरून झाला होता. पडद्यावर वाचलं, 'मझार मानूस नही शे'. मी एन्टर दाबलं. दाराला कुलूप बसलं, पिकवायचा गॅस सुटला, पंखे फिरू लागले. सहज तिकडे गेलो, तर दाराबाहेर नानांच्या चपला. माल म्हणजे लक्ष्मी, म्हणून ते आत अनवाणीच जायचे.

बंद खोलीत पिकणारी केळी हवा खातात, माणसाला श्वास पुरत नाही, आणि पंख्यांच्या आवाजात आतली हाक बाहेर येत नाही. धावत संगणकापाशी येऊन गॅस थांबवला. कुलूप उघडायची आज्ञा टाइप करू लागलो, तर बोटं भलत्याच अक्षरांवर. पुसलं, पुन्हा चुकलं. पडदा आपला सांगतच होता, आत माणूस नाही.

अखेर दार उघडलं. नाना घामाने भिजून भिंतीशी बसले होते. मी त्यांना कवेत घेऊन बाहेर ओढलं. मला रडू आवरेना.

"बटन तं दाबेल व्हतं," ते धापा टाकत म्हणाले. "पडदावर काय लिखेल शे?"

मी सांगितलं. नव्या संगणकाला रंग येत होते, शब्द लपवणं येत नव्हतं.

"मंग मी कोन शे, भाऊ?"

दुसऱ्या दिवशी ते एकेक रंग काढत बसले. "एखादा तरी ठेवा, नाना," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. पुढे नोकरी सोडून ते धुळ्याला लेकीकडे गेले. मला मात्र ते अजून तसेच दिसतात : शेवटच्या अक्षराचं लुकलुकणं काढताना, माझ्याकडे पाठ करून बसलेले.