लई अलर्ट बाळ

न्हाऊ घातलेल्या बाळाला धुरी दिली की वेखंड-ओव्याचा जो उग्रमधुर दरवळ घरभर पसरतो, तो नाकाशी आला की मला उगीचच हसू फुटतं. फाल्गुनातलं सोलापूर सकाळीच तापायला लागलेलं, दारचा कडुनिंब पानं गाळून उभा, आणि तरी माझ्या भावाच्या घरात शेगडीवर निखारे फुललेले असतात, कारण घरात तान्ही मुलगी आहे! धुराने ती नाक मुरडते, डोळे किलकिले करते, मग एकदम टक्क उघडते आणि छताच्या पंख्यापासून माझ्या टिकलीपर्यंत साऱ्या चराचराची हजेरी घेते. या बघण्याचं वर्णन कसं करावं?

ते डॉक्टरीणबाईंनी करून ठेवलं आहे. जन्मानंतर कानांची तपासणी झाली तेव्हा बाळाच्या दोन्ही कानांनी काही दाद दिली नाही. पुढे मोठी तपासणी करावी लागेल, असं सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "पण बाळ अलर्ट आहे हं. छान अलर्ट आहे." माझा धाकटा भाऊ श्रीशैल घरी आला तो त्यांचं पहिलं बोलणं उराशी घेऊन, आमच्या आईने, म्हणजे अव्वाने, दुसरं उचललं. अव्वाचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे कन्नड आणि मराठी तिच्या तोंडात एकत्रच नांदतात. इंग्रजीशी मात्र ती जन्मभर फटकून राहिली. तिने हा एकच शब्द असा काही जवळ केला की विचारू नका! शेजारीण डोकावली की, "बगा की, डोळं कसं फिरवती! लई अलर्ट हाय आमचं बाळ." मग तो शब्द पाळण्यातून उतरून घरभर रांगू लागला. पाणी घातल्यावर मान वर काढणारी तुळस अलर्ट, शेंगदाणे करपायच्या आत गॅस बंद करणारी सून अलर्ट, आणि दुपारच्या झोपेतून बरोबर चहाच्या वेळी उठते म्हणून मीही अलर्ट.

आपल्याकडे शब्द का कमी आहेत? पण 'सावध'ला मंगलाष्टकांपासून एक धाक चिकटलेला आहे. 'दक्ष' म्हटलं की आपोआप टाचा जुळतात, आणि 'जागरूक'च्या मागोमाग नागरिक येतो, नागरिकाच्या मागोमाग भाषण. 'चुणचुणीत' गोड आहे खरा, पण तो भांग पाडून शाळेला निघालेल्या पोरांचा. अजून मानही नीट न धरणाऱ्या जिवाने अवघ्या जगाला 'मी आहे, या' असं म्हणावं, ही अवस्था कुठल्या शब्दात बसवायची? तसा अलर्टही काही निर्भय शब्द नव्हे. उन्हाळ्यात तो मोबाइलवर उष्णतेचा इशारा घेऊन येतो आणि आपण मुकाट्याने डोक्याला पंचा गुंडाळतो. अव्वाने त्याच्यातलं भय काढून टाकलं. कुणी आलं की उमलणं, एवढाच अर्थ तिने शिल्लक ठेवला, आणि मला तो फार आवडला.

मोठी तपासणी झाली आणि नक्की कळलं की बाळाला ऐकू येत नाही. उपाय होते, यंत्र होतं, पुढे शस्त्रक्रिया होती, बाईंनी सगळं धीराने समजावलं. पण श्रीशैल गप्प झाला. एरवी एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला मोहोळचा थांबा यायच्या आत आपलं अर्धं चरित्र ऐकवणारा हा माणूस! लेकीला तो घ्यायचा, थोपटायचा, तिच्यासाठी पाणी तापवायचा, मात्र तिच्याशी एक अक्षर बोलायचा नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "काय बोलू अक्का? कुणाला ऐकू जायचंय?" तेव्हा मला खरोखर भीती वाटली. कानांवर इलाज निघेल हो, पण तोवर या मुलीभोवतीचं घरच मुकं झालं तर? आज बाप थांबला, उद्या आपण सारेच थांबू, आणि ती बिचारी टकमका बघत राहील! बारसंही लांबत गेलं. "आत्यानं कानात नाव सांगायचं म्हणं. कुटल्या कानात?" असं तो म्हणाला आणि वहिनी आत निघून गेली.

अखेर अव्वानेच सोमवार धरला. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या, घुगऱ्या शिजल्या, गल्लीतल्या बायका जमल्या. आमच्या या सोहळ्यात आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानाशी 'कुर्रर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि त्याच वेळी बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत मनसोक्त धपाटे घालायचे, अशी रीत आहे. नणंदेवरचे सगळे राग काढायला सुनांना याहून शुभ मुहूर्त कुठला मिळणार? वहिनीचा हात तर भलताच जड निघाला. मी वाकले. बाळाने दोन्ही हात वर केले आणि माझं मंगळसूत्र मुठीत धरलं. मूठ येऊन टेकली माझ्या गळ्यावर. मी कुर्रर्र केलं.

मूठ उघडली, पण बोटं माझ्या गळ्याशीच राहिली. हातपाय झाडणारं ते बाळ एकदम स्थिर झालं आणि माझ्याकडे बघत राहिलं. मी थांबले, तशी तिच्या इवल्या कपाळावर आठी पडली. पुन्हा कुर्रर्र केलं, आणि काय सांगू तुम्हाला, ती बोळक्या तोंडाने सगळीच्या सगळी हसली! धपाटे थांबले. त्या निरर्थक आवाजाने घशात उठणारी थरथर तिच्या बोटांना कळली होती. पिढ्यान्‌पिढ्या आत्या कानाशी करत आलेली ही गंमत अशीही पोचते, हे आम्हां कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दारातून आवाज आला, "परत कर की, अक्का." श्रीशैल उंबऱ्यावर उभा होता.

मी तिचा तळहात गळ्यावर पसरून धरला आणि म्हटलं, "गिरिजा." मग कसली रीत आणि कसलं काय! वहिनीने तिला उचलून आपल्या गळ्याशी धरलं, अव्वा "बा गिरिजा, बा" म्हणून कन्नडात लाडाने बोलावू लागली, शेजारणी आपापली पाळी यावी म्हणून पदर सावरत पुढे सरकल्या. सगळ्यांत शेवटी श्रीशैल आला. लेकीचा हात त्याने गळ्यावर ठेवला, आणि आधी आला तो हुंदका; तोही तिला कळला असणार, कारण ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघू लागली. मग तो म्हणाला, "गिरिजा. मी बाबा. ही तुजी आत्या, आज लई मार खाल्ला बग हिनं." आम्ही हसलो, डोळे पुसले आणि पुन्हा हसलो.

बोलायला कान हवेत, असं आम्ही किती दिवस धरून बसलो होतो! बायका घुगऱ्या घेऊन घरी गेल्या, आम्ही जेवलो, आवराआवर झाली, तरी बापाचं संपेना. दुकान, ऊन, बाजार, तिच्या आजोबांचा तापट स्वभाव, सगळं तो तिला सांगत होता. तिचा तळहात त्याच्या गळ्यावर तसाच होता, आणि तो दम घ्यायला थांबला की गिरिजा कपाळाला आठी घालत होती.